घरचा बैल आणि गाड्याचा बैल

मागचे दोन शनिवार काही लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. कारण असं की दोन्ही शनिवार-रविवार मी ग्रीसने माखलेल्या हातांनी लोणीला आमच्या गोठ्यात बसलो होतो. गोठ्यात सध्या गुरं नाहीत. काय आहे ते शेवटी सांगतो. आधी वाद घालू, मग कबुली.

(लोणी म्हणजे लोणी काळभोर नव्हे आणि लोणीकंदही नव्हे. पुण्यात प्रत्येकाला हे सांगावं लागतं. आमचं लोणी आंबेगाव तालुक्यातलं, धामणीच्या शेजारचं. पाबळवरून वर आलात की लागतं. तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरला पाऊस थांबायचं नाव घेत नाही, डिंभे धरण भरतं, आणि आम्ही पूर्वेकडची मंडळी उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो. तालुका एकच बरं का!)

तर विषय असा. आमच्या ऑफिसात दुपारच्या जेवणाला आठ-नऊ टाळकी एकत्र बसतात. सगळे सत्तावीस ते बत्तीसमधले. कोणाचा फ्लॅटचा हप्ता सुरू झालाय, कोणाचा व्हायचाय. घरात एक शहाण्यासारखी गाडी आहे, किंवा येऊ घातली आहे. आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर मात्र दुसऱ्याच गाडीचा फोटो! कोणाची थार, कोणाची जुनी जिप्सी, कोणाची पोलो जीटी. म्हणजे लग्न एकीशी आणि फोटो दुसरीचा. (ही उपमा बायकोने वाचली आहे. "पुढे वाच" एवढंच म्हणाली.)

प्रश्न सगळ्यांचा एकच. आई-बाबा, बायको, होणारं किंवा झालेलं मूल यांच्यासाठी एक गाडी हवी. आणि रविवारी सकाळी सहाला उठून घाटात नुसतंच जाऊन यायला, काही कारण नसताना, दुसरी हवी. पैसे मात्र एकाच गाडीचे आहेत. मग करायचं काय?

माझं बजेट सांगतो म्हणजे हवेतल्या गप्पा नकोत. २०११ ची वॅगनआर विकून येणारे १.९ लाख आणि साठवलेले ६.१ लाख. एकूण ८ लाख. नवीन कर्ज काढायचं नाही, कारण फ्लॅटचं आहे तेच पुष्कळ आहे.

पक्ष पहिला : एकीतच दोन्ही

हा सगळ्यात लोकप्रिय पक्ष. एकच अशी गाडी घ्या की घरही बसेल आणि मजाही येईल. गाडीवाल्यांनाही हे बरोबर कळलंय. २ ऑक्टोबर २०२० ला आलेली थार तीन दरवाज्यांची होती. आपल्यासारखे लाखो लोक शोरूममध्ये जाऊन, मागच्या सीटवर आईला कसं चढवायचं याचा विचार करत परत आले असणार. मग जून २०२३ मध्ये पाच दरवाज्यांची जिमनी आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दरवाज्यांची थार रॉक्स. बाजारात आल्या तेव्हा एकीची सुरुवात १२.७४ लाखांना, दुसरीची १२.९९ लाखांना, आणि तीही एक्स-शोरूम. महाराष्ट्रात १० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्सच १२ टक्के. म्हणजे माझ्या ८ लाखांत हा पक्ष दारातच गारद.

पण समजा पैसे असते, तरी मला हा पक्ष पटत नाही. कारण सांगतो. घरच्या गाडीकडून आपल्याला काय हवं असतं? आईचे गुडघे दुखतात, तिला न वाकता बसता यावं. डिकीत कांद्याची पिशवी, ज्वारीचं पोतं मावावं. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास पहिल्या-दुसऱ्या गिअरवर पाय मोडू नये. आणि काही झालं तर आतली माणसं वाचावीत. मजेच्या गाडीकडून हवं असतं ते बरोबर उलटं. ती हलकी असावी, बुटकी असावी, रस्ता हाताला कळावा, थोडा आवाज करावा. एकाच मशीनला दोन परस्परविरोधी रिक्वायरमेंट दिल्या की काय होतं हे आपल्या धंद्यात आपल्याला माहीत आहे. दोन्हीकडून साठ-साठ टक्के मिळतं आणि पैसे मात्र एकशे तीस टक्के लागतात.

पक्ष दुसरा : दोन गाड्या, हिशोब नंतर

हा पक्ष मी स्वतः दोन वर्षं चालवला. ठरलं होतं की वॅगनआर अजून पाच वर्षं ओढायची आणि साठलेल्या पैशातून साडेचार लाखांची एक सेकंडहँड टर्बो हॅचबॅक घ्यायची. रात्री झोपायच्या आधी जाहिराती बघायच्या, हा आमचा नित्यनेम. गेल्या पावसाळ्यात तर वीस हजार टोकनही देऊन आलो होतो.

त्याच आठवड्यात मी लोणीला असताना रात्री अकराला आईला एकदम चक्कर आली. अण्णा मागे तिला धरून बसले, मी गाडी काढली, मंचरला निघालो. भुरभुर पाऊस होता. एका वळणावर मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्याऐवजी तशीच सरकत गेली. वेग फार नव्हता. कडेच्या मुरमात दोन चाकं गेली आणि थांबलो. कोणाला काही झालं नाही. आईलाही नंतर औषध देऊन सकाळी घरी सोडलं, रक्तदाब वाढला होता.

पण त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मला एकच गोष्ट आठवत होती. टायर गुळगुळीत झालेत हे मला चार महिने माहीत होतं. चार टायरचे सोळा-सतरा हजार. ते मी काढले नव्हते, कारण मी 'दुसऱ्या गाडीसाठी' पैसे साठवत होतो! ज्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, त्या गाडीचे टायर मी माझ्या मजेसाठी अडवून ठेवले होते.

बायकोला हे सांगितलं तेव्हा तिला तिसरा महिना होता. ती ओरडली नाही. (ओरडली असती तर बरं झालं असतं.) म्हणाली, "तुझी हौस मला आवडते. पण ती आमच्या सीटबेल्टच्या पैशातून नको." टोकनचे वीस हजार बुडाले. मी भांडायलाही गेलो नाही.

पक्ष तिसरा : एक्सेल

मग इंजिनिअर माणूस जे करतो ते केलं, एक्सेल उघडलं. साडेचार लाखांची दुसरी गाडी, नुसती दारात उभी ठेवायचा वर्षाचा खर्च :

विमा १४,०००. सोसायटीत दुसरं पार्किंग महिना १,५०० म्हणजे १८,०००. सर्व्हिसिंग १५,०००. टायर-बॅटरीसाठी बाजूला काढायचे १०,०००. किमतीतली घट ४०,०००. झाले ९७,०००. साडेचार लाख बँकेत ठेवले असते तर सात टक्क्यांनी ३१,५०० मिळाले असते, ते धरा. एकूण १,२८,५००. यात पेट्रोलचा थेंब नाही.

आता मोठा प्रश्न. गाडी चालवणार कधी? "वीकेंडला" असं आपण सहज म्हणतो. मी मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढून मोजलं. ५२ वीकेंड. त्यातले २० लोणीला आणि सासरी, घरच्या गाडीने. राहिले ३२. रिलीज आणि ऑन-कॉलमध्ये गेले ९. राहिले २३. लग्नं, बारशी, वास्तुशांती ६. राहिले १७. आजारपण आणि नुसतं झोपून काढलेले ३. राहिले १४.

चौदा! १,२८,५०० भागिले १४ म्हणजे एका वीकेंडला ९,००० च्या वर, पेट्रोल सोडून. एवढ्यात पुण्यात दोन दिवस भाड्याने गाडी घेऊन, वर झकास जेवण करून परत येता येईल. पार्किंग नाही, विमा नाही, टायर नाहीत. म्हणजे एक्सेलचा निकाल स्पष्ट होता. दुसरी गाडी घेऊ नका, भाड्याने घ्या. मी स्वतःवर खूश होऊन हा कागद लोणीला जाऊन अण्णांना दाखवला. अण्णा हिशोबाचा माणूस, वाटलं पाठ थोपटतील.

अण्णांनी चष्मा लावून सगळे आकडे वाचले. मग म्हणाले, "हिशोब बरोबर हाय रं. पर ह्यात एक खानाच न्हाई."

"कुठला?"

"बैल पळत नसतो तवाचा."

सोन्या

इथे थोडं मागे जावं लागेल. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत बैलगाडा म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगणं अवघड आहे. गावच्या यात्रेत घाटाची शर्यत असते. घाट म्हणजे चढाचा, आखलेला धावमार्ग. पुढे घोडी, मागे चार बैल आणि हलका गाडा. भंडारा उधळतो, 'भिर्रर्र' होतं आणि दहा-पंधरा सेकंदांत सगळं संपतं. त्याला बारी म्हणायचं. एक बारी, की पुढच्या यात्रेपर्यंत वाट बघा. धामणीच्या खंडोबाची माघ पौर्णिमेची यात्रा आली की आमच्याकडे पाहुण्यांना चहासुद्धा घाईत मिळतो.

आमच्याकडे घरची बैलजोडी होती, नांगराची. आणि एक सोन्या होता, गाड्याचा. घरच्या खिल्लार गाईचाच खोंड. गाडा चौघांचा, प्रत्येकाचा एक बैल. (वीकेंड गाडी चार मित्रांत मिळून घ्यायची आयडिया माझ्या डोक्यात इथूनच आली होती. पण गाड्यात भागीदारी चालते, कारण प्रत्येकाचा बैल आपापल्या गोठ्यात खातो! गाडीत आरसी एकाच्या नावावर, विमा एकाचा, आणि बंपर कोणी ठोकला हे कोणालाच माहीत नाही. मैत्री टिकवायची असेल तर या वाटेला जाऊ नका.)

म्हणजे बघा, आज आम्ही लंच टेबलावर ज्या प्रश्नावर डोकं फोडतोय तो प्रश्न आमच्या गावात कित्येक पिढ्यांनी सोडवलेला आहे. पोटासाठी एक जोडी, हौसेसाठी एक बैल, आणि बजेट? आमच्यापेक्षा कितीतरी तंग! पाऊस नीट पडला तर बाजरी, नाहीतर तीही नाही.

आणि त्याचे नियम होते, कोणी न लिहिलेले. घरच्या जोडीला पेंड पडल्याशिवाय सोन्याला दूध नाही. पेरणीच्या दिवसांत यात्रा असली तरी पेरणी आधी. आणि गाड्याच्या बैलाला नांगराला जुंपायचं नाही, की नांगराचा बैल घाटात पळवायचा नाही. यातला तिसरा नियम म्हणजे वर मी 'पक्ष पहिला'मध्ये एवढा घोळ घालून सांगितलेला मुद्दा. आजोबांनी तो एका ओळीत सांगितला असता.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. ती बरोबर की चूक, बैलांचे हाल होतात की नाही, हा आजचा विषय नाही. त्यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं पुष्कळ आहे. आमच्या घरी झालं ते एवढंच. २०१३ च्या एका यात्रेत सोन्याला अडीच लाखांची मागणी आली होती आणि अण्णांनी हसून नको म्हटलं होतं. २०१५ च्या जूनमध्ये माझा इंजिनिअरिंगचा प्रवेश आला तेव्हा अण्णांनी त्याला चाळीस हजारांना दिलं. घेणाऱ्याने शेतीकामासाठी घेतला. त्या चाळीस हजारांत माझ्या होस्टेलची वर्षाची फी आणि मेसचे काही महिने भागले. नांगराची जोडी मात्र आणखी तीन वर्षं होती. विकायची वेळ आली तेव्हा आधी काय विकायचं याबद्दल घरात चर्चासुद्धा झाली नाही.

पुढे १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठानेही शिक्कामोर्तब केलं. घाट परत गजबजले. अण्णांनी परत बैल घेतला नाही. मी एकदा विचारलं होतं. "वय झालं," म्हणाले, आणि विषय बदलला.

राहिलेला खाना

तर त्या दिवशी अण्णा म्हणाले ते असं. सोन्या वर्षात पाच-सहा वेळा पळायचा. एक बारी पंधरा सेकंद धरली तरी वर्षाचा सगळा पळ दीड मिनिटात बसतो. माझ्या एक्सेलच्या हिशोबाने सोन्या म्हणजे जगातला सगळ्यात मूर्ख सौदा. दीड मिनिटासाठी वर्षभर दूध, अंडी, उडदाची डाळ!

"पर मी काय दीड मिनिटासाठी त्याला ठिवला व्हता व्हय?" अण्णा म्हणाले. पहाटे उठून त्याला खरारा करायचा, फिरवून आणायचं, त्याच्या खुरांना तेल लावायचं, संध्याकाळी शेजारपाजारचे येऊन त्याच्याभोवती बसायचे. ती हौस होती. बारी म्हणजे नुसती तिची पावती. "ज्याला निस्तं घाटातलं बघायचं हाय, त्यानं यात्रंला जावं. फुकट हाय. बैल कशाला पाळावा?"

मी एकदम गप्प झालो. दोन वर्षं मी चुकीचा प्रश्न विचारत होतो. 'दुसरी गाडी परवडते का' हा प्रश्न नाहीच. प्रश्न असा आहे की गाडी उभी असताना तुम्हाला तिचं काय वाटतं? उभी गाडी बघून विम्याचा हप्ता आठवत असेल, तर तुम्हाला बारी हवी आहे, बैल नको. तुम्ही भाड्याने घ्या, मनापासून सांगतो. थार भाड्याने घ्या, ताम्हिणीला जा, धबधब्याखाली फोटो काढा, सोमवारी किल्ली परत द्या. यात कमीपणा काही नाही, उलट हा शहाणपणा आहे. पण कार्बन चढलेला प्लग काढून तारेच्या ब्रशने घासताना तुमचा शनिवार कधी संपला हे कळत नसेल, तर तुमचे चौदा वीकेंड नाहीत. तुमचे आणखी कितीतरी तास आहेत आणि भागाकाराचं उत्तर बदलतं.

माझ्या लक्षात आलं की ती साडेचार लाखांची टर्बो हॅचबॅक मी दुसऱ्या जातीच्या माणसासाठी शोधत होतो. तिचं बॉनेट उघडून मी काय करणार होतो? वर प्लास्टिकचं झाकण, खाली सेन्सर आणि मग सर्व्हिस सेंटरचं बिल.

मग मी काय केलं

८ लाखांपैकी ६ लाख ६० हजारांची २०२१ ची पेट्रोल नेक्सॉन घेतली, सेकंडहँड. दोन कारणं. एक, आईला बसायची उंची बरोबर. दुसरं, डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळवणारी ती भारतात बनलेली पहिली गाडी. (आणि ती बनते आमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगावात. म्हणजे गाववालीच की!) हे तारे म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. जानेवारी २०१४ मध्ये याच संस्थेने भारतातल्या पाच लहान गाड्या एअरबॅगशिवाय आपटून बघितल्या, तेव्हा पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. त्यातल्याच पोलोला दोन एअरबॅग लावून पुन्हा आपटलं तर चार तारे! ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली जुलै २०१९ मध्ये. त्याआधीची स्वस्त गाडी घरासाठी घेणार असाल तर त्या मॉडेलमध्ये काय आहे हे बघूनच घ्या.

राहिले १ लाख ४० हजार. त्यातून आली ती.

२००४ ची मारुती झेन. ७० हजारांना. इंजिन ९९३ सीसी, ताकद साठेक बीएचपी, वजन जेमतेम पावणेआठशे किलोच्या आसपास. सस्पेन्शनचे रबर, कूलंटचे होस पाइप, क्लच, चार टायर, बॅटरी यात ३८ हजार गेले. एकूण १ लाख ८ हजार. उरलेले ३२ हजार नेक्सॉनच्या नव्या टायरसाठी. ते आधी टाकले, झेन नंतर आणली. (हा क्रम महत्त्वाचा. पेंड आधी, दूध नंतर.)

झेनच का? एक म्हणजे हलकी गाडी ताशी ५० ला जी मजा देते ती जड गाडी १२० ला देते. १२० वर आपल्या रस्त्यांवर काय होतं हे रोज पेपरात येतं. पाबळ-लोणीच्या रस्त्याला तिसऱ्या गिअरमध्ये एक वळण नीट घेता आलं की दिवस कारणी लागतो. वेगमर्यादा मोडायची गरजच पडत नाही. दुसरं म्हणजे हिशोब. जून २०२२ च्या दरपत्रकात थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६, आणि १५०० च्या वर एकदम ७,८९७! मोठ्या इंजिनाची जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून उड्या मारणाऱ्यांनी ही पायरी बघून ठेवावी. तिसरं, झेनचे बरेच सुटे भाग अजून मिळतात आणि पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलं की तिच्यातलं बरंचसं माझ्यासारख्यालाही कळतं.

तोटेही सांगतो. एअरबॅग नाही, एबीएस नाही. म्हणून त्या गाडीत मी एकटाच बसतो. बायको-आई कोणी नाही, हायवे नाही, रात्र नाही, पाऊस नाही. हा आमचा करार आहे आणि तो बायकोने लिहून घेतलाय. दुसरं, कागदपत्रं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. आधीच्या मालकाने २०२९ पर्यंतचं केलेलं होतं हे बघूनच घेतली. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला हे शुल्क १०,००० झालंय, शिवाय ग्रीन टॅक्स वेगळा. तिसरं, पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नाहीत, म्हणून ते बदलून घेतले. आणि टाकीत पेट्रोल महिनोन् महिने साठवून ठेवायचं नाही.

वर्षाचा खर्च? विमा, सुटे भाग, टायर-बॅटरीची तजवीज, नूतनीकरणाचा वाटा असे साधारण २२-२३ हजार, आणि अडकलेल्या पैशांचं व्याज सात-साडेसात हजार. म्हणजे ३० हजार. चौदाने भागलं तर २,१०० च्या घरात. आणि अण्णांचा खाना धरून भागलं तर... ते भागत नाही मी.

पार्किंगचे १८,००० कुठे गेले म्हणाल, तर झेन पुण्यात नाहीच. ती लोणीला आहे. गोठ्यात, सोन्याच्या जागेवर. दावणीचा दगड काढावा लागला, एवढंच. दर दोन-तीन आठवड्यांनी आम्ही नेक्सॉनने घरी जातो. आई आणि बायको ओसरीवर बसतात आणि मी गोठ्यात. म्हणजे जे २० वीकेंड मी 'घरचे' म्हणून वजा केले होते, तेही आता अर्धे माझ्याच खात्यात जमा!

अण्णांना यात काही रस नाही असं ते म्हणतात. पहिल्या दिवशी गाडी बघून म्हणाले, "येवढीशी? हिच्यात माणूस बसतं व्हय?" मागच्या रविवारी मी पोचलो तर गाडी पुसलेली होती. बॅटरी उतरू नये म्हणून दर चार दिवसांनी सुरू करा असं सांगितलं होतं, तर हे रोज पहाटे सुरू करतात. वायरी उंदरांनी खाऊ नयेत म्हणून बॉनेटखाली तंबाखूची पुडी बांधून ठेवलीय. रात्री गोठ्याचं दार आतून लावतात. मी म्हटलं, "अण्णा, बिबट्या झेन नेणार नाही." त्यावर ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी शेजारचे दोघं-तिघं येऊन तिच्याभोवती बसले होते.

तर सांगायचा मुद्दा

बजेटमध्ये दोन्ही जमवायचं असेल तर माझं मत असं :

१. घरची गाडी आधी. तिचे टायर, ब्रेक, एअरबॅग यातला एक रुपयाही हौसेकडे वळवायचा नाही. मी वळवला होता. नशीब म्हणून मुरमात थांबलो.

२. हौसेची गाडी एकूण बजेटच्या पाचव्या भागापेक्षा महाग नको. उद्या विकावी लागली तर घरात चर्चा करायची वेळ येऊ नये.

३. कर्ज काढून हौस नको. हप्ता भरताना हौस राहत नाही, ती नोकरी होते.

४. एकीकडून दोन्ही कामं करून घ्यायचा हट्ट सोडा.

५. आणि सगळ्यात आधी स्वतःला विचारा, बारी हवी की बैल? बारी हवी असेल तर भाड्याने घ्या आणि सुखात राहा.

आमच्याकडे पाळणा हलायला अजून दीड महिना आहे. त्यानंतर माझे चौदाचे चार वीकेंड होतील असं सगळे अनुभवी लोक सांगतात. होऊ देत. तोपर्यंत रोज पहाटे झेन सुरू करायला एक माणूस लोणीत आहे.

असो. आता निघतो. बायको खाली नेक्सॉनमध्ये बसलीय आणि दोनदा हॉर्न वाजलाय.